पडद्यामागचा कुलकर्णी

संगणकाच्या पडद्यावर जे काही दिसते ते तेथे कोण आणून मांडतो, या प्रश्नाचा विचार करण्याची पाळी सामान्य माणसावर सहसा येत नाही. आणि ज्या दिवशी ती येते त्या दिवशी पडदा हटकून काळा पडलेला असतो, समोर घाईची कागदपत्रे असतात, आणि ज्याला यातले काही कळते असा पंचक्रोशीतील एकमेव मुलगा रंकाळ्यावर भेळ खात बसलेला असून फोन उचलत नसतो. कोल्हापुरात ही पाळी वकीलमंडळींवर आली. तिचे कारण थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे.

ई-कोर्ट प्रकल्पाखाली देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत संगणक आले तेव्हा त्यांच्यावर उबुंटू ही लिनक्सची मुक्त प्रणाली बसविण्यात आली. न्यायाधीशांपासून कारकुनांपर्यंत सर्वांना तिचे शिक्षण देण्यात आले, आणि खटल्यांची नोंद ठेवणारे सीआयएस हे सॉफ्टवेअर एनआयसीच्या पुण्याच्या केंद्रात तयार झाले. कोर्टात जे चालते ते वकिलाच्या कचेरीत आज ना उद्या चालू होते. आमचे एक वकीलमित्र आहेत, त्यांच्या कसबा बावड्याच्या कचेरीतही उबुंटू अशीच शिरली. सॉफ्टवेअर सर्वांसाठी मुक्त असावे या तत्त्वाने ते प्रभावित झाले होते असे ते सांगतात. परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या प्रसाराला नेहमीच पोषक ठरते, असे आमचे मत आहे. त्या कचेरीत अशिलांसाठी जे बाक ठेवलेले आहे त्यावर बसून संध्याकाळचा चहा घेणे हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ असल्यामुळे, पुढील बहुतेक निरीक्षणे त्या बाकावरून झालेली आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

लिनक्सच्या राज्यात पडद्याचा सारा कारभार एक्स नावाच्या एका वयोवृद्ध व्यवस्थेकडे चालत आलेला आहे. (हल्ली हे नाव दुसऱ्याच एका गोंगाटाच्या जागेला देण्यात आले आहे, तिचा याच्याशी काही संबंध नाही, आणि वयाने हा पुष्कळच वडील आहे.) अमेरिकेत एमआयटीमध्ये ‘अथीना’ नावाचा प्रकल्प चालू असता १९८४ साली बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी याला जन्मास घातले. त्यापूर्वी स्टॅनफर्ड विद्यापीठात डब्ल्यू नावाची एक व्यवस्था होती, तिच्यावरून हा बेतला, आणि बाराखडीत डब्ल्यूच्या पुढे एक्स येतो म्हणून तेच नाव ठेवून दिले; बारशाच्या बाबतीत संगणकशास्त्री फारसा वेळ दवडीत नाहीत. पहिल्या तीन वर्षांत याच्या आवृत्त्या अशा काही भराभर निघाल्या की १९८७ च्या सप्टेंबरात अकरावी बाहेर पडली, आणि तेथे बहुधा सर्वांना दम लागला असावा, कारण बारावी आजतागायत निघालेली नाही. आमच्या काळी मॅट्रिकसुद्धा अकरावीलाच होत असे, त्यामुळे शिक्षण तेथेच थांबले यात आम्हांला काही वावगे वाटत नाही.

ज्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून संस्थानी अमदानीच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना एक्सचा स्वभाव उमगण्यास सायास पडू नयेत, कारण तो हुबेहूब गावचा वतनदार कुलकर्णी आहे. पडद्यावर रेघ ओढावयाची असो की अक्षर उमटवावयाचे असो, प्रत्येक प्रोग्रामने त्याच्याकडे अर्ज घेऊन जावयाचे. कळफलकावरील प्रत्येक कळ आणि माऊसची प्रत्येक टिचकी प्रथम त्याच्याकडे रुजू व्हावयाची, आणि ती कोणाच्या खाती टाकावयाची हे त्याने ठरवावयाचे. आरंभी तो खरोखरच सर्व काही करीत असे. रेघा, वर्तुळे, टंक हे सारे त्याच्याच दप्तरी असे, आणि अर्जदार दूर कोठल्या मोठ्या यंत्रावर राहत असला तरी तारेवरून आलेला त्याचा अर्ज येथे तितक्याच तत्परतेने मंजूर होई. पुढे दिवस पालटले. प्रोग्राम आपापली चित्रे स्वतः काढू लागले, यंत्रसामग्रीचा ताबा लिनक्सच्या गाभ्याने आपल्याकडे घेतला, सर्व विंडो एकत्र जुळवून अंतिम चित्र सिद्ध करण्याचे काम कंपोझिटर नावाच्या तिसऱ्याच गृहस्थाकडे गेले, आणि कुलकर्ण्याकडे उरले ते एवढेच, की या हाताने घ्यावे आणि त्या हाताने द्यावे. परंतु वतन ते वतन. काम गेले तरी मान गेला नाही, आणि प्रत्येक कागद त्याच्या दारावरून जाण्याची वहिवाट तशीच राहिली.

या दारावर एक फार मोठी गैरसोय होती, जिच्याकडे कित्येक वर्षे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. तेथे आत आलेल्या प्रत्येकाला इतर सर्वांचे बोलणे ऐकू येत असे. एका विंडोत आपण बँकेचा परवलीचा शब्द टंकित असलो आणि दुसऱ्या विंडोत पत्त्यांचा खेळ उघडा असला, तर त्या खेळाला मनात आल्यास तो शब्द निमूटपणे टिपून घेता येई, आणि कुलकर्ण्याच्या लेखी यात काहीही गैर नव्हते. तो ज्या काळात जन्मला त्या काळी विद्यापीठातील सर्व लोक एकमेकांना ओळखत असत. पडदा कुलूपबंद करण्याची तऱ्हा तर याहून विलक्षण. ते कुलूप म्हणजेही दाराशी आलेला आणखी एक अर्जदारच, आणि त्याला चुकून भोवळ आली की कचेरी सताड उघडी. वकिली पेशात गोपनीयतेला केवढे महत्त्व आहे हे आम्ही सांगावयास नको. तरीही आमच्या मित्रांनी ही हकीकत ऐकली तेव्हा ते शांतपणे म्हणाले की जिल्हा कोर्टाच्या बाररूममध्ये ते तीस वर्षे बसत आहेत, आणि तेथील व्यवस्था याहून निराळी नाही.

एवढे मात्र खरे, की एक्सच्या हाताखाली ज्यांनी दिवस काढले त्यांना त्याचा लळा लागलेला असतो, आणि तो लळा बहुतांशी भोगलेल्या यातनांतून आलेला असतो. जुन्या काळी त्याला चालू करण्यापूर्वी एका फायलीत आपल्या मॉनिटरचे कंपनांक भरावे लागत, आणि चुकीचे आकडे भरल्यास मॉनिटर कायमचा निकामी होऊ शकेल अशी सूचना त्यासोबतच्या माहितीत रीतसर दिलेली असे. ते आकडे ज्यांनी श्वास रोखून भरले आणि त्यानंतर करड्या जाळीदार पार्श्वभूमीवर फुलीच्या आकाराचा काळा दर्शक उमटलेला पाहिला, ते लोक एक्सविषयी बोलू लागले म्हणजे त्यांचा स्वर एकदम गहिवरतो. अशा लोकांशी वाद घालू नये.

कोल्हापूरला वतने खालसा होण्याचा अनुभव नवा नाही. १९१८ साली छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातील कुलकर्णी वतने बरखास्त करून त्या जागी पगारी तलाठी नेमले. शेजारच्या मुंबई राज्याला हीच गोष्ट करण्यासाठी १९५० च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. लिनक्सच्या मुलखात हा ठराव मांडला तो क्रिस्टियन हॉग्सबर्ग या प्रोग्रामरने, २००८ साली. मॅसॅच्युसेट्समध्ये वेलँड नावाचे एक गाव आहे, त्यावरून गाडीने जात असता त्याला ही कल्पना स्फुरली, म्हणून नव्या व्यवस्थेचे नाव वेलँड पडले. आणि नमुन्यादाखल जो पहिला कारभारी उभा करण्यात आला त्याला लगतच्या वेस्टन या गावाचे नाव मिळाले. या प्रकरणातील आम्हांला सर्वांत रुचलेला भाग असा, की हॉग्सबर्ग आणि त्याचे प्रमुख साथीदार हे एक्सच्याच दप्तरात वर्षानुवर्षे राबलेले लोक होते. वतन खालसा करावे हा अर्ज रयतेने केलेला नसून कुलकर्ण्याच्या कारकुनांनी केलेला आहे. दप्तराची अवस्था काय आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

नवा तलाठी स्वभावाने अगदी उलट. कंपोझिटर आणि कुलकर्णी या दोन जागा त्याने एक केल्या, मधला हेलपाटा वाचविला, त्यामुळे चलच्चित्र पाहताना चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसे तो प्रकार थांबला; आणि एका अर्जदाराची गोष्ट दुसऱ्याच्या कानी जाणार नाही असा कडक नियम घातला. मात्र वेलँड ही मुळात व्यक्ती नव्हे, ती केवळ नियमांची पुस्तिका आहे. त्या पुस्तिकेप्रमाणे चालणारा कारभारी ज्याने त्याने आपापला नेमावयाचा: ग्नोम या डेस्कटॉपचा मटर, केडीई या डेस्कटॉपचा केविन, आणि स्वाभिमानी मंडळींचे आणखी कितीतरी. प्रत्येकाने पुस्तिकेचा अर्थ थोडा थोडा निराळा लावलेला असल्यामुळे, एका गावात जो दाखला तात्काळ मिळतो तो दुसऱ्या गावात मागितला असता ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ असे उत्तर येते.

आणि येथेच खरी गोम आहे. कुलकर्ण्याविरुद्धच्या कैफियतीत त्याची सर्व अधिकृत कामे तपासली गेली, परंतु तो जी अनधिकृत कामे करीत असे त्यांची यादी कोणीच केली नव्हती. पडद्याचे छायाचित्र घेणे, चालू पडदा दुसऱ्याला दाखविणे, एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या वतीने कळा दाबणे, विंडोने आपली जागा आपण ठरविणे, ही सारी कामे सर्वांना सर्व काही दिसत असल्यामुळे आपोआप होत. ज्याला आपण सुरक्षिततेतील भोक म्हणतो त्याच भोकातून गावाचा अर्धा व्यवहार चालत होता. तलाठ्याने आल्याबरोबर भोक बुजविले, आणि मग एकेक जण हातात भांडे घेऊन येऊ लागला.

वकीलमित्रांच्या कचेरीत याचा पहिला प्रत्यय आला तो एका दूरस्थ सुनावणीत. २०२० च्या टाळेबंदीपासून व्हिडिओवरून कामकाज चालविण्याची सवय वकिलांना लागली, आणि पुढेही ती काही प्रमाणात राहिली. मित्रांनी प्रणाली नवी करून घेतली होती. मोजणीचा नकाशा पडद्यावर दाखवून त्यांना युक्तिवाद करावयाचा होता. त्यांनी कळ दाबली, आणि समोरच्या सर्वांना शुद्ध, निर्मळ, निष्कलंक असा काळा आयत दिसू लागला. मित्रांना स्वतःला नकाशा दिसत असल्यामुळे त्यांनी वादग्रस्त बांध कोठे आहे, ओढा कोठून वळतो आणि प्रतिवादीने कोठे अतिक्रमण केले आहे, हे सर्व दर्शक फिरवीत मोठ्या तन्मयतेने विशद केले. प्रतिपक्षाच्या वकिलांनी मध्ये नम्रपणे विचारले की ही मोजणी रात्री झाली होती काय. तारीख पुढे गेली.

संध्याकाळी तो भेळवाला मुलगा आला. त्याने पाहिले, हसला, आणि म्हणाला, “साहेब, आता कुणी बी उठून पडदा बघायचा न्हाई. पोर्टलमधनं परवानगी मागायला लागती, मग पाइपवायर चित्र पोचवतंय. तुमचा प्रोग्राम जुना हाय, त्याला ही वाटच म्हाईत न्हाई.”

“अरे, पडदा माझा, नकाशा माझा, अशील माझे,” मित्र म्हणाले, “आणि परवानगी कोणाची?”

“तुमचीच की. फकस्त विचारायला पायजे.”

त्यावर मित्र काही बोलले नाहीत. तीस वर्षे प्रत्येक गोष्टीसाठी परवानगीचा अर्ज करीत आलेल्या माणसाला स्वतःच्याच घरात स्वतःकडे अर्ज करावयास सांगणे म्हणजे काय, हे त्या मुलाला कळण्याजोगे वय नव्हते.

दुसरा प्रत्यय त्यांच्या कारकुनांना आला. हे गृहस्थ अत्यंत नेटके. दाव्याचा मसुदा डावीकडे, निवाड्यांचा संग्रह उजवीकडे, खाली तारखांचा तक्ता, अशी त्यांच्या पडद्याची मांडणी अनेक वर्षांची, आणि सकाळी यंत्र चालू करताच सर्व विंडो आपापल्या जागी जाऊन बसत. नव्या अमलात कोणत्याही प्रोग्रामला आपण पडद्यावर नेमके कोठे आहोत हे सांगितले जात नाही, आणि अमुक जागी बसेन असे म्हणण्याचा हक्कही त्याला नाही. तेव्हा तिन्ही विंडो मध्यभागी एकमेकींवर चढून बसू लागल्या. कारकून रोज सकाळी त्या ओढून आपापल्या जागी नेतात, आणि त्या वेळी तोंडाने जे म्हणतात ते शिवाजी पेठेत सर्वमान्य असले तरी येथे देता येत नाही.

मराठी टंकलेखनाचा भाग आम्हांला अधिक जिव्हाळ्याचा. काही प्रोग्राम नव्या अमलाखाली थेट चालविले असता त्यांना इंग्रजी अक्षरे तेवढी पोहोचत, मराठी अक्षरे जुळविणारा मध्यस्थ बाहेरच ताटकळत राही. हे दुखणे पुष्कळसे बरे झाले आहे, समूळ गेले आहे असे म्हणवत नाही. येथे एक मौजेची गोष्ट नमूद करून ठेवतो. वतन गेले तरी कोणत्या कळेवर कोणते अक्षर, याची कुलकर्ण्याची जुनी वही तलाठ्याने जशीच्या तशी ठेवून घेतली आहे. त्या वहीत मराठीसाठी इनस्क्रिप्टबरोबर ‘कगप’ नावाची एक ध्वनीवर आधारलेली मांडणी नोंदलेली आढळते, आणि ही कगप मूळची कन्नड आहे. बेळगावचा प्रश्न इतकी वर्षे न्यायप्रविष्ट असता कळफलकावरील सीमा कोणी परस्पर आखून दिली, याची चौकशी व्हावयास पाहिजे. कोल्हापुरात अद्याप कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही, म्हणून आम्हीही आवाज मोठा करीत नाही.

या संक्रमणाला इतका काळ का लागला, असे बाहेरचे लोक विचारतात. कोल्हापूरकर विचारीत नाहीत. उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे व्हावे म्हणून सहा जिल्ह्यांतील वकिलांनी चार दशके मोर्चे काढले, काम बंद ठेवले, निवेदने दिली, आणि १७ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंचचे उद्घाटन होऊन दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. त्या मानाने २००८ चे प्रकरण अगदीच ताजे म्हटले पाहिजे. वेलँडची १.० ही आवृत्ती २०१२ मध्ये आली. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रणालीने २०१६ च्या नोव्हेंबरात पंचविसाव्या आवृत्तीपासून तिला गादीवर बसविले. उबुंटूचे वर्तन मात्र एखाद्या अनुभवी पक्षकाराला शोभणारे होते: २०१० मध्ये वेलँड घेऊ म्हणून जाहीर केले, २०१३ मध्ये ते नको, आमचा स्वतःचा मीर नावाचा कारभारी आम्ही घडवितो असे सांगितले, २०१७ मध्ये मीरवर उभारावयाचा डेस्कटॉप सोडून दिला, त्याच वर्षी १७.१० मध्ये वेलँडला प्रथम पसंती दिली, १८.०४ मध्ये एक्सला परत बोलाविले, आणि २१.०४ मध्ये पुन्हा वेलँडकडे वळले. एवढ्या तहकुब्या मागून घेणारा पक्षकार आमच्या मित्रांना मिळाला असता तर त्यांचा वाड्याचा वरचा मजला केव्हाच पुरा झाला असता.

आता मात्र हुकूम निघू लागले आहेत. २०२५ च्या मे महिन्यात रेड हॅट कंपनीच्या एंटरप्राइझ लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीतून एक्सचा सर्व्हर वगळला गेला; त्याच वर्षी ग्नोमच्या ४९ व्या आवृत्तीत एक्सचे सत्र मुळातच बंद ठेवण्यात आले, ऑक्टोबरच्या उबुंटूतून ते नाहीसे झाले, आणि केडीईने प्लाझ्मा ६.८ पासून आपणही तसेच करू असे जाहीर केले. एक्सच्या एका कैवाऱ्याने जूनमध्ये एक्सलिब्रे नावाने स्वतंत्र चूल मांडली आहे. कोणतेही वतन गेले म्हणजे एक भाऊबंद दप्तर डोक्यावर घेऊन वेगळा निघतोच.

तरीही कुलकर्णी गेला आहे असे समजणाऱ्याला गाव कळलेले नाही. जे जुने प्रोग्राम नव्या कायद्याप्रमाणे अर्ज लिहूच शकत नाहीत त्यांच्यासाठी एक्सवेलँड नावाची सोय आहे. म्हणजे तलाठ्याच्याच कचेरीत एक टेबल मांडून त्यावर कुलकर्ण्याला मुखत्यार म्हणून बसविले आहे, आणि त्याचे जुने लोक तेथे येऊन, आपण त्याच्या वाड्यावरच आलो आहोत अशा समजुतीने, निवांतपणे व्यवहार करून जातात. रेड हॅटनेसुद्धा हे टेबल हलविलेले नाही. आणि जुन्या यंत्रांवर हमखास आढळणाऱ्या लिनक्स मिंटमध्ये तर वेलँडला अद्याप प्रायोगिक म्हणूनच उभे केले जाते. मुख्य गादी एक्सचीच आहे.

आमचा कौल विचाराल तर तो तलाठ्याच्या बाजूने आहे. परवलीचा शब्द पत्त्यांच्या खेळाला ऐकू येणारी व्यवस्था, कितीही प्रेमळ असली, तरी राहू नये. मात्र वतन खालसा करणाऱ्यांनी आधी गावात चार घरी जाऊन, वतनदार पगाराबाहेरची कोणकोणती कामे करीत होता याची यादी केली असती, तर मधल्या दहा वर्षांचा मनस्ताप बराच कमी झाला असता. त्यांनी दप्तर वाचले, लोकांना विचारले नाही. आज ती यादी एकेक नियम जोडून पुरी होत आली आहे, आणि नवा प्रोग्राम वापरल्यास मोजणीचा नकाशा कोर्टाला सुखरूप दिसतो, हे आमच्या मित्रांनी दुसऱ्या तारखेला सिद्ध केले.

ज्यांच्याकडे उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: प्रवेशाच्या वेळी आपल्या नावावर टिचकी मारली की खाली उजव्या कोपऱ्यात एक दातेरी चक्र दिसते, त्यात ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ हा पर्याय निवडला असता जुना अंमल परत येतो. त्या आवृत्तीची नेहमीची देखभाल २०२९ पर्यंत आहे, तोवर ही सवलत वापरता येईल. सुनावणी सकाळी अकराला असेल, तर पडदा दुसऱ्याला दिसतो की नाही हे आदल्या संध्याकाळीच पाहून घ्यावे. त्या वेळी मुलगा फोन उचलतो.